वाचकांचे प्रश्न : तारेवरची माती का तडकते?

पुठ्ठा, तार आणि माती यांतून प्राण्यांची शिल्पे घडवण्याविषयी या वेळी बरीच पत्रे आली. अनेकांच्या अडचणी सारख्याच असल्यामुळे त्यांपैकी पाच पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या अडचणींचे मूळही बहुतांशी तिथेच सापडते.

प्रश्न : वन्यजीव सप्ताहासाठी आमच्या शाळेतील सातवीच्या मुलांनी खवले मांजर करायला घेतले. जी. आय. (गॅल्व्हनाइज्ड लोखंडी) तारेचा सांगाडा करून त्यावर थेट शाडू चढवली. पहिल्या दिवशी काम देखणे दिसत होते. तिसऱ्या दिवशी मानेभोवती आणि चारही पायांच्या सांध्यांत तडे गेले, आणि शेपटीवरची माती तर अखंड नळीसारखी हातात आली. माती खराब होती का?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : माती चांगलीच होती. शाडू अतिशय बारीक कणांची आणि चिकट असते, म्हणून तिच्यात नाक-डोळे सुबक उठतात; पण जितके कण बारीक तितके ती पाणी जास्त धरते आणि वाळताना तितकीच जास्त आटते. मातीनुसार आणि मळताना घातलेल्या पाण्यानुसार हे आटणे लांबीत साधारण 5 ते 10 टक्के भरते. तार मात्र केसभरही आटत नाही. पाठीपोटावरची माती आखडू पाहते, आतला सांगाडा तिला आखडू देत नाही, आणि या ओढाताणीत ती जिथे सर्वांत पातळ असेल तिथे फाटते. मान आणि पायांचे सांधे नेमके तसेच असतात. शेपटीत तार सरळ आणि गुळगुळीत होती, त्यामुळे माती तिच्यावरून सरकत मोकळेपणी आखडली. तिला तडा गेला नाही, पण तिने तारेशी असलेले नातेच सोडले.

आपली माती किती आटते हे आधीच पाहता येते. मळलेल्या मातीची एक पट्टी लाटून तिच्यावर बरोबर 10 सेंटिमीटर अंतरावर दोन रेघा ओढाव्यात आणि ती सावलीत पूर्ण वाळू द्यावी. नंतर दोन रेघांतले अंतर 9.3 सेंटिमीटर भरले, तर ती माती 7 टक्के आटते. मुलांना हा प्रयोग शिल्पाच्या आधी करायला द्यावा. तडा का गेला हे त्यांना समजावून सांगण्याची वेळ मग सहसा येत नाही.

मूर्तिकार तर लोखंडी सांगाड्यावरच माती चढवतात, मग त्यांची माती कशी टिकते, असे आपल्या मनात येईल. ती टिकवायची नसतेच. पुण्यातील शिवाजी महाराजांच्या 1928 मधील अश्वारूढ पुतळ्यासारखे (शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर) ब्राँझचे काम आधी मातीत घडवतात, ती माती ओल्या फडक्यांनी गुंडाळून काम संपेपर्यंत ओलीच ठेवतात, मग तिच्यावरून साचा घेतात आणि माती काढून टाकतात. वाळवून कायम ठेवायच्या मातीचा हा मार्गच नव्हे. पुष्कळ हौशी लोक अर्धी पद्धत उचलतात आणि मग मातीला दोष देतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

वाळवून ठेवायच्या मातीसाठी धडा घ्यायचा तो कोलकात्यातील कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीतून. तिथल्या दुर्गामूर्तींच्या आत बांबूचा आधार आणि त्यावर सुतळीने आवळलेला भाताचा पेंढा असतो. माती आखडू लागली की पेंढा दबतो आणि तिला जागा करून देतो. पहिल्या हाताला चिकट माती, नंतरच्या हाताला बारीक वाळूची माती, आणि बोटे, मान यांसारख्या नाजूक जागी मातीच्या पातळ रबडीत भिजवलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या अशी त्यांची रचना असते. कडक आधार आणि आटणारी माती यांच्या मधे दबणारे काहीतरी असलेच पाहिजे. आपल्या कामात पेंढ्याची जागा वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या कागदाने घ्यावी.

खवले मांजर पुन्हा करणार असाल, तर मातीचा वाटा फार कमी ठेवा. पाच प्लायच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत प्राण्याची बाजूची आकृती एकसंध कापा, म्हणजे तीच कणा होते. त्या पुठ्ठ्याला भोके पाडून पायांच्या तारा आरपार ओवा. दोन्ही बाजूंना कागदाचे बोळे सुतळीने आवळून बांधा आणि पोट, खांदे, मांड्या यांची गोलाई इथेच पूर्ण करा. मातीने पुढे आकार भरून काढू असे मनात आणलेत की तडे आलेच म्हणून समजा. त्यावर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या कागदी पट्ट्यांचे तीन थर द्या आणि प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा चढवू नका. माती लागते ती फक्त चेहरा, पंजे आणि पोट यांना, तीही तीन-चार मिलिमीटर जाडीची आणि कागदाचा लगदा मिसळलेली.

खवले मातीचे करूच नयेत. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम. भारतीय खवले मांजराच्या अंगावर साधारण 160 ते 200 खवले असतात. पाठीवर ते सर्वांत रुंद असतात आणि डोक्याकडे लहान होत जातात. ते चिकटवायला शेपटीच्या टोकापासून सुरुवात करावी. कौलारू छपरावर पागोळीपासून आढ्याकडे कौले रचत जातात, तसे एकेक ओळ पुढे डोक्याकडे सरकायचे, म्हणजे प्रत्येक नवी ओळ मागच्या ओळीचे मूळ झाकते आणि खवल्यांची टोके मागे वळलेली राहतात. मुले हटकून डोक्याकडून सुरुवात करतात आणि मग सगळे खवले उलटे बसतात. पुढचे पंजेही सपाट टेकवू नका. हा प्राणी पुढची लांब नखे आत दुमडून चालतो, आणि एवढा एक बारकावा साधला की पुतळ्यात जीव येतो.

प्रश्न : तार किती जाडीची घ्यावी? माझा हरिणाचा सांगाडा वजनाने वाकतो, आणि वाकला नाही तर तोंडावर पडतो.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे दुकानात जाण्यापूर्वी ध्यानात असू द्यावे. 14 गेजची तार साधारण 2 मिलिमीटर जाड असते, 16 गेजची 1.6 आणि 20 गेजची 0.9 मिलिमीटर. एक फूट उंचीच्या हरिणासाठी कणा आणि पाय 14 गेजचे, शिंगे आणि कान 18 ते 20 गेजचे पुरतात. 14 गेजची मिळाली नाही, तर 16 गेजच्या दोन तारा एकत्र पिळून घ्याव्यात. पिळामुळे ताठपणा येतो आणि मातीला व कागदाला धरायला खाचाही मिळतात. बांधकामावरची काळी बाइंडिंग तार फक्त गाठी मारायला वापरावी. ती मऊ असते आणि ओल्या मातीत गंजते. मग तो तांबूस डाग पांढऱ्या शाडूतून वर उमटतो आणि रंगाच्या दोन हातांनीही झाकला जात नाही. जी. आय. तारेवर जस्ताचा मुलामा असतो, पण कापलेले टोक उघडेच राहते, त्यावर ऑइलपेंटचा एक ठिपका द्यावा.

पुढच्या दोन पायांसाठी दोन स्वतंत्र तुकडे जोडू नयेत. एकच तार एका खुरापासून वर खांद्यापर्यंत न्यावी, कण्याला दोन वेढे द्यावेत आणि दुसऱ्या खुरापर्यंत खाली आणावी. मागच्या पायांचेही तसेच. तारांची चारही टोके खुरांच्या खाली चार सेंटिमीटर लांब ठेवून लाकडी फळीच्या भोकांतून खाली काढाव्यात आणि वाकवून ठोकाव्यात. एकाच जागी तार पुन्हा पुन्हा वाकवणे टाळा. ती आधी ताठ होते आणि मग कट्कन तुटते.

तोंडावर पडण्याचे कारण वजनाच्या मध्यात आहे. नुसता सांगाडा पाठीवर दोऱ्याने टांगून पाहावा. जिथे तो आडवा तोलून राहतो, तिथून गवंड्याचा ओळंबा खाली सोडावा. तो चार खुरांच्या चौकोनात पडायला हवा. डोके आणि शिंगे यांचे वजन आपण नेहमीच कमी धरतो. माझ्या विद्यार्थीदशेत रात्री उभा ठेवलेला एक घोडा सकाळी गुडघ्यांवर बसलेला सापडला होता, आणि त्याची ती ऐट उभ्या घोड्यापेक्षा बरी दिसत होती. पण दर वेळी नशीब इतके साथ देत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात कागदी लगद्याला बुरशी येते आणि नंतर झुरळे कुरतडतात. उपाय सांगावा.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बुरशी येते ती ओल अडकल्यामुळे. लगद्याचा जाड गोळा बाहेरून वाळलेला दिसतो, पण आत आठ-आठ दिवस ओला राहतो. एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून जाड थर देऊ नका आणि पुतळा पंख्याखाली, जाळीवर ठेवून खालूनही वारा लागू द्या.

लगद्यासाठी वर्तमानपत्राचे बारीक तुकडे दोन दिवस भिजवावेत, कुटून घ्यावेत आणि फडक्यात घट्ट पिळावेत. पिळलेल्या एका वाटीला दोन वाट्या शाडूची पूड आणि मळता येईल इतकी खळ घालावी. खळीसाठी एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवावा आणि मग चार वाट्या पाण्यात, ती काचेसारखी पारदर्शक दिसेपर्यंत शिजवावा. कच्ची राहिलेली खळ लवकर आंबते.

आपल्याकडच्या आज्या कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करताना त्यात भिजवून वाटलेल्या मेथ्या घालत. मेथीने लगद्याला चिकटपणा येतो आणि तिच्या कडू वासाने कीड दूर राहते; एका वाटी लगद्याला एक चमचा मेथीची पूड पुरे. पुस्तकबांधणीचे कारागीर खळीत मोरचूद घालतात आणि त्याचा उपयोग होतो यात शंका नाही, पण ते विषारी आहे, म्हणून मुले हाताने मळणार असतील तिथे ते वापरू नये. पूर्ण वाळल्यावर तळासह सर्व बाजूंनी वार्निशचा हात द्यावा. बहुतेक जण तळ तसाच सोडतात आणि झुरळे तिथूनच आत शिरतात.

प्रश्न : शेकरू करतो आहे. शरीर जमले, शेपूट मात्र मातीची केली की दगडासारखी दिसते. केस कसे दाखवावेत?
— एक विद्यार्थी, जुन्नर

उत्तर : शेकरूची शेपूट अंगाहून लांब असते आणि फांदीवर बसल्यावर ती सरळ खाली लोंबते. ती मातीची केलीत तर सगळा प्राणी मागे ओढला जाईल, त्यामुळे दिसण्याइतकाच तोलाचाही प्रश्न आहे. 18 गेजच्या दोन तारा घ्या. बोटभर लांबीचे काथ्याचे तुकडे त्यांच्या मधे आडवे, दाट ठेवा आणि टोके पकडीत धरून तारा पिळा. बाटली धुण्याच्या ब्रशप्रमाणे काथ्या चारही बाजूंना फुलतो. मग कात्रीने बुंध्याकडे आखूड आणि मध्यावर भरघोस असा आकार कापा. काथ्याचा मूळ रंग शेकरूच्या तांबूस अंगाशी बराच जुळतो. भीमाशंकरच्या शेकरूंची शेपूट टोकाकडे फिकी होत जाते, तिथे पातळ पांढरा रंग कोरड्या ब्रशने फक्त केसांच्या टोकांवरून फिरवा.

अंगावरच्या केसांसाठी अशी खटपट नको. माती चामड्यासारखी घट्ट झाली की जुन्या टूथब्रशने नाकाकडून शेपटीकडे हलके ओढावे. रेघा खांद्यावरून आणि मांडीवरून वळायला हव्यात. सरळ समांतर रेघा ओढल्यात, तर शेकरूने कॉरडरॉयची विजार घातल्यासारखे वाटेल.

प्रश्न : असे शिल्प कुंभाराच्या भट्टीत भाजून पक्के करता येईल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : नाही. पुठ्ठा आणि कागद जळून जातील, तार तापून प्रसरण पावेल आणि भोवतीची माती फोडेल. भाजायचा प्राणी आत पोकळ असावा लागतो आणि मातीची जाडी सर्वत्र जवळपास सारखी असावी लागते. तमिळनाडूतील अय्यनार या ग्रामदेवतेच्या देवळांपुढचे पुरुषभर उंचीचे मातीचे घोडेही असेच, कोणत्याही तारेशिवाय, पोकळ घडवलेले असतात. भाजायचेच असेल, तर शाडूऐवजी कुंभाराकडची माती घ्या आणि पहिला प्राणी बसलेला करा. बैल बसवला की पायांचा प्रश्नच उरत नाही. पोटाखालून अंगठा जाईल एवढे भोक मात्र ठेवा, नाहीतर आत कोंडलेली हवा आणि वाफ भट्टीत बैलाचे तुकडे करील.