सांगलीत राखीव दिव्यांग पार्किंग सेन्सर लावून मोकळं राहील का?

विश्रामबागेतल्या तुमच्या व्यापारी संकुलात राखीव जागा रोज कुणीतरी अडवतं, म्हणून सेन्सर लावावा का, असं विचारलंय. लावा, पण नुसत्या सेन्सरवर भागणार नाही. जमिनीत बसवायचा चुंबकीय सेन्सर चारचाकी ओळखतो. पट्ट्यावर तिरकी घुसवलेली स्कूटर त्याला बऱ्याचदा कळतच नाही. आणि आपल्याकडे खरा त्रास दुचाक्यांचाच!

नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा बरा. 2020 पासून गाडीच्या नोंदणीत मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा नोंदवता येतो. पण दिव्यांग माणूस भावाच्या गाडीतून आला तर? म्हणून कॅमेऱ्याने परस्पर दंड लावू नये, फक्त वॉचमनच्या केबिनमध्ये बझर वाजवावा. त्याने जाऊन यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, बघावं. रिमोटने खाली पडणारा लोखंडी अडसर मात्र टाळा. रिमोट वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला, असं झालं की आधाराची चाकं लावलेली स्कूटर घेऊन आलेला माणूस रस्त्यातच ताटकळतो.

त्याआधी टेप घेऊन जागा मोजा. रुंदी 3.6 मीटर हवी, प्रवेशद्वार 30 मीटरच्या आत. दार पूर्ण उघडून व्हीलचेअर बाजूला लावता येत नसेल तर आधी पट्टे नव्याने आखून घ्या, कॅमेऱ्याचं कोटेशन नंतर मागवा.