फुलांआधी नळ

प्रश्न : शाळेमागच्या पडीक जागेत मधमाश्या-फुलपाखरांसाठी बाग करायला आम्हाला अनुदान मंजूर झालंय. पैसे वर्षभरात खर्च करायचे आहेत. मुख्याध्यापकांना फुलांचे ताटवे हवेत, पालकांना डंखाची धास्ती आहे. सुरुवात कुठून करू?
— एक विज्ञान शिक्षिका

उत्तर : बाई, नळापासून करा. मी वर्गावर होतो तेव्हा आम्हालाही असंच अनुदान मिळालं होतं. निम्मे पैसे फलकात आणि कुंड्यांत गेले. उद्घाटन झकास झालं. मग सुट्टी लागली. पाणी कोण घालणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. शाळा उघडली तेव्हा फलक तेवढा ताठ उभा होता. म्हणून पाण्याची जोडणी, ठिबक नळी आणि सुट्टीत पाणी घालणाऱ्याचं मानधन खर्चाच्या तक्त्यात आहे का, ते आधी बघा. नसेल तर अनुदान देणाऱ्यांकडून बदल मंजूर करून घ्या, तोही लेखी.

ताटव्यांचं म्हणाल तर गच्च पाकळ्यांच्या जाती टाळा. त्यांत बहुधा पुंकेसरांच्या जागीही पाकळ्याच असतात, मग कीटकाला मिळणार काय? साधी, उघड्या तोंडाची फुलं घ्या. तुळस मंजिऱ्या न खुडता वाढू द्या. लिंबाचं झाड हवंच, त्याच्या पानांवर अळ्या होतात. पानं कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप काढणारे हात आवरा. ती अळी म्हणजेच उद्याचं फुलपाखरू. रुईही त्यासाठीच हवी, पण तिचा चीक डोळ्यांना घातक, तेव्हा ती मुलांचा हात पोचणार नाही अशी कुंपणापलीकडे. रोपं घेताना त्यांवर काय फवारलंय ते विचारा. आंतरप्रवाही, म्हणजे रोपाच्या अंगात भिनणारं औषध फुलातल्या मधात आणि परागातही उतरतं.

एक वांग्याचं रोप लावाच. त्याच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रं असतात. भुंगा फुलाला लोंबकळतो, अंग थरथरवतो, गुणगुण एकदम चढ्या सुरात जाते आणि पिवळी पूड त्याच्या पोटावर सांडते. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. फळ्यावर कितीही आकृत्या काढा, मुलांना पटतं ते इथे.

पालकांना सांगा, आपण मधमाशीपालनाच्या पेट्या ठेवत नाही आहोत. जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक एकट्या राहतात आणि बऱ्याच जणी जमिनीत बीळ करतात. राखायला पोळंच नाही, त्यामुळे त्या सहसा अंगावर येत नाहीत. त्यांच्यासाठी एक उन्हातला कोपरा उघड्या मातीचा सोडा, फरशी नको. डंखाची ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी मात्र हाताशी ठेवा, त्यात हयगय नको.

अहवालाला फोटो लागतीलच. त्यांच्यासोबत मुलांची वही जोडा : आठवड्यातून एकदा, त्याच चौकोनासमोर दहा मिनिटं बसून कोण कोण आलं याची नोंद. आमच्या दुसऱ्या खेपेच्या बागेत एक मुलगा सलग तीन आठवडे 'कोणी आलं नाही' लिहीत होता. चौथ्या आठवड्यात त्यानं लिहिलं, 'एक मुंगी. पण ती खालीच होती.'