पीएचडीच्या गाइडचा एच-इंडेक्स कमी असेल तर त्यांच्याकडे जाऊ नये का?

तुम्ही विचारलंय, मुलीला न्यूरोफार्माकॉलॉजीत, म्हणजे मेंदूवरच्या औषधांच्या शास्त्रात, पीएचडी करायची आहे, एका गाइडचा एच-इंडेक्स 41 आणि दुसऱ्यांचा 12, तर कोणाकडे पाठवू. एच-इंडेक्स 41 म्हणजे त्या माणसाच्या 41 पेपरांचा प्रत्येकी निदान 41 वेळा दुसऱ्या पेपरांत उल्लेख, म्हणजे सायटेशन, झालेला आहे. नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पत्रिकेत 36 पैकी 30 गुण जुळले म्हणून नवरा चांगला निघतोच असं नाही.

मी बडोद्याची. 1999 साली एका ठिकाणी जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) होते, संस्थेचं आणि सरांचं नाव घेत नाही. एका वनस्पतीच्या अर्काने चिंता कमी होते का, हे प्लस मेझवर, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या चार हातांच्या चौकटीवर, बघायचं होतं. मेझ सुताराकडून प्लायवूडचा करून घेतलेला, दोन हात उघडे, दोन भिंतीचे, जमिनीपासून 50 सेंटिमीटर वर. उंदराला मधोमध सोडायचं आणि 5 मिनिटांत उघड्या हातांवर किती सेकंद काढतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. घाबरलेला असला की भिंतीआडच बसतो.

कंट्रोल गटाची, म्हणजे अर्क न दिलेल्या उंदरांची, पाळी नेमकी 14 जानेवारीला आली. सुट्टी होती, पण डोसचे दिवस भरले होते, थांबता येत नव्हतं. आणि बडोद्यातली उत्तरायण, पतंगांचा सण! समोरच्या गच्चीवर स्पीकर, थाळ्या, पिपाण्या आणि दर दोन मिनिटांनी ‘काप्यो छे!’ (कापला!) माझे उंदीर भिंतीआड गेले ते बाहेर यायला तयार नाहीत. एक तर पाचही मिनिटं कोपऱ्यात, मिशा तेवढ्या थरथरताहेत. अर्क दिलेला गट घेतला 17 तारखेला, सगळं शांत झाल्यावर. ते उघड्या हातांवर बडोद्याच्या कमाटीबागेत फिरायला आल्यासारखे फिरले.

सर खूश. ‘अगं, पी व्हॅल्यू बघ!’ (ही लहान आली की फरक नुसत्या योगायोगाचा नाही असं मानतात.) मी म्हटलं, सर, हा अर्काचा गुण नाही, पतंगांचा आहे. ‘तू फार खोलात जातेस,’ म्हणाले.

फेब्रुवारीत मी सगळं पुन्हा केलं. सगळे गट एकाच दिवशी, आलटूनपालटून, कुणाला काय दिलंय ते मला न सांगता. डायझेपाम हे चिंतेवरचं नेहमीचं औषध दिलेले उंदीर नेहमीसारखे फिरले. अर्कवाले आणि कंट्रोलवाले सारखेच. पेपर मात्र जानेवारीच्या आकड्यांवर छापून आला. माझं नाव आभारात. आज त्याला 73 सायटेशन्स आहेत. मध्यंतरी त्यातले वीसेक पेपर उघडून वाचले. प्रयोग पुन्हा कोणीच केलेला नाही, प्रस्तावनेत एक ओळ टाकून पुढे गेलेत. माझी फेब्रुवारीची वही माळ्यावरच्या ट्रंकेत आहे.

तुमच्या त्या 41 मध्ये असे किती असतील, आकडा सांगत नाही. हा इंडेक्स 2005 साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. वयाबरोबर तो वाढतच जातो, कमी कधीच होत नाही. आपलेच जुने पेपर उद्धृत केले तरी वाढतो. पद्धत सांगणाऱ्या पेपरांची तर चंगळ. लॉवरींचा 1951 चा प्रथिनं मोजण्याचा पेपर घ्या, 3 लाखांहून जास्त सायटेशन्स. मेंदूचा लगदा करणारा प्रत्येकजण तो टाकतो, मीही टाकलाय. उलट गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच सर्पगंधेवर लिहिलं होतं, रक्तदाब आणि वेड दोन्हींसाठी, पण भारतीय मासिकात. जगाचं लक्ष गेलं ते मुंबईच्या रुस्तम वकिलांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिल्यावर. 1952 मध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. 1957 मध्ये स्वीडनच्या कार्लसन यांनी रेसर्पिनने निपचित पडलेले ससे डोपा देऊन उठवले; या डोपाचं शरीरात डोपामिन बनतं. डोपामिनवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं 2000 साली. 1940 च्या सुमारास कोणी सेन-बोस यांचा इंडेक्स काढला असता तर मुलाखतीलाही बोलावलं नसतं.

मग बघायचं काय? विद्यार्थी पहिल्या नावावर आहेत का ते बघा. मेथड्समध्ये गट कुठल्या क्रमाने घेतले, ब्लाइंडिंग केलं का (मोजणाऱ्याला कुणाला काय दिलंय ते माहीत नसणं), हे लिहिलेलं असतं का ते बघा. काही मिळालं नाही असा एकतरी पेपर त्यांनी छापलाय का, तेही.

आता खरं सांगायचं तर मी काही तटस्थ नाही, माझा स्वतःचा इंडेक्स 7 वर थांबला. 41 वाले उत्तमही असतील, 12 वाले नुसते आळशीही असतील. आणि पुढे परदेशात पोस्टडॉक करायचं असेल तर मोठ्या नावाचं शिफारसपत्र चालतं, तिथे माझं काही चालत नाही.

41 वाल्यांना भेटायला गेलात तर मुलीला एवढंच विचारायला सांगा, कंट्रोल गट आणि औषधाचा गट एकाच दिवशी घेता का. आमचे सर ह्यावर चिडले होते.