खाडीतलं मीठ जातं कुठे?

प्रश्न: आम्ही सीवूड्सला राहतो. मागच्या रविवारी मुलाला फ्लेमिंगो दाखवायला नेलं होतं. तर तो म्हणाला, बाबा हे दिवसभर चोच खाऱ्या पाण्यात घालून बसतात, यांना काही होत नाही, मग आपण का नाही प्यायचं? मला काही सांगता आलं नाही. तुम्ही सांगा.

उत्तर: पोरगं हुशार आहे हो! आधी आपलं बघू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे मीठ. आपली किडनी लघवी तेवढी खारट करूच शकत नाही, त्यामुळे ग्लासभर खारं पाणी प्यायलं की ते मीठ बाहेर काढायला ग्लासापेक्षा जास्त पाणी अंगातलं जातं, आणि तहान भागायची सोडून वाढतच जाते.

आता गंमत अशी की या बाबतीत पक्ष्यांची किडनी आपल्यापेक्षाही कमजोर असते. फ्लेमिंगो जिभेने पाणी पंपासारखं आत-बाहेर करून शेवाळ गाळून घेतो, तरी थोडं खारं पाणी पोटात जातंच की. मग हे मीठ निघतं कुठून? नाकातून! डोळ्यांच्या वरच्या बाजूला मिठाच्या दोन ग्रंथी असतात, त्या रक्तातलं मीठ ओढून घेतात आणि समुद्रापेक्षाही खारट असं पाणी नाकपुडीतून थेंबाथेंबाने सोडतात. १९५०च्या दशकात श्मिट-नील्सन नावाच्या शास्त्रज्ञाने पाणकावळ्यांना समुद्राचं पाणी पाजून हे शोधलं, तोवर समुद्रपक्षी कसे जगतात यावर नुसते वादच चालले होते. आणि या ग्रंथी सारख्या चालू नसतात हां, रक्तात मीठ वाढलं की चालू, गोडं पाणी मिळालं की बंद, कारण मीठ बाहेर ढकलायला शरीराला ताकद लागते, फुकट काही होत नाही.

आपल्याकडेही असाच पहारेकरी आहे, मेंदूत. घाम गाळत लोकलने ठाण्याला उतरलात की रक्त जरासं दाट झालेलं असतं, एक-दोन टक्के फरक पडला तरी मेंदूला कळतं, तहान लागते आणि किडनीला निरोप जातो की पाणी सोडू नको. म्हणून तेव्हा लघवी पिवळीजर्द होते. किडनी दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी गाळते आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेते, मला तर हा आकडा अजून पचत नाही. शरीराच्या आतलं मीठ-पाणी वगैरे सगळं असं तोलून धरण्याला होमिओस्टॅसिस म्हणतात, वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दिलेलं नाव. शब्द अवघड आहे, परीक्षेपुरता ठेवा.

मुलाला प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर फ्लेमिंगो लांब असतात, त्यापेक्षा ऐरोलीच्या खाडीकाठी तिवराचं झाड बघा. तिवर बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं आणि जे आत शिरतं ते पानातून बाहेर टाकतं. दुपारी पान न तोडता उन्हाकडे जरा तिरकं धरलंत तर बारीक बारीक कण चमकताना दिसतील, बोट फिरवा, खरखरीत लागतं. चाटून बघायचा मोह होईल, पण खाडीच्या पाण्यात काय काय येतं ते तुम्हाला माहितीये, बोटावरच थांबा.

आणि पुढच्या वेळी दुर्बीण न्या. चोचीच्या टोकाला थेंब लोंबताना दिसला आणि पक्ष्याने मान झटकली तर मुलाला सांगा, ते खाडीचं पाणीही असेल, नाहीतर त्याचं मीठ.