सावलीची तळी आणि हरवलेली दलदल

प्रश्न : आमचा गिर्यारोहकांचा गट हिमालयातल्या पाणथळ जागांची यादी करतोय. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या प्रतिमांवर पाण्याचा निर्देशांक (प्रकाशाच्या दोन पट्ट्यांची तुलना करून पाणी ओळखणारं सूत्र) चालवला, तर कड्यांखाली भलतीच तळी उगवली. ज्या दलदलीत आमचे बूट रुतले होते, तिचा मात्र पत्ताच नाही. असं का?

उत्तर : त्यातली बरीचशी तळी सावल्या असणार. हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. तेव्हा सूर्य आग्नेयेकडे, म्हणजे कड्याची सावली वायव्येला; हिवाळ्यात तर ती लांबच लांब. निकट-अवरक्त पट्ट्यात (लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात) सावली आणि पाणी दोन्ही काळीच. म्हणून आधी उंचीच्या विदेवरून (डेटावरून) उताराचा नकाशा काढा. तळं तिरकं राहत नाही. पाच अंशांहून जास्त उतारावरचं ‘पाणी’ मी बेलाशक खोडतो.

हिरवा आणि लघुलहरी-अवरक्त (निकट-अवरक्ताच्याही पलीकडचा) पट्टा वापरणारा निर्देशांक घेतला असेल, तर आणखी गंमत. बर्फाच्या निर्देशांकाचंही हेच सूत्र आहे! साहजिकच हिमाच्छादित उतार तळी म्हणून मिरवतात. शंका आली की निकट-अवरक्त पट्टा उघडा : बर्फ तिथे लख्ख, पाणी काळं.

आता तुमची दलदल. तिच्यात उघडं पाणी जवळजवळ नसतंच. वर गवत आणि शेवाळ. निर्देशांकाच्या लेखी ते साधं कुरण. अशा जागी एका तारखेच्या प्रतिमेवर विसंबू नये. पावसाळा सरल्यावर, ढग हटल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या प्रतिमा ओळीने लावा. भोवतालचं गवत पिवळं पडत असताना जो सपाट तुकडा हिरवागार राहतो, तिथे खाली ओल असण्याचा दाट संभव. उपग्रहावरच्या रडारला ढगांआडचंही दिसतं खरं, पण तीव्र उतारांवर तेही गडबडतं. मी त्याला दुय्यम साक्षीदार मानतो.

आकाराचाही प्रश्न आहेच. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात २.२५ हेक्टरांहून लहान जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्यात. १:५०,००० प्रमाणावर एवढी जागा म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटरांचा चौकोन. झऱ्याकाठच्या कित्येक दलदली याहूनही लहान. तिथे तुमचे बूटच कामाचे.

यादीत अक्षांश-रेखांश, उंची आणि प्रतिमेची तारीख लिहाच; शिवाय ‘पायी पाहिली’ की ‘प्रतिमेवरच’, असा एक रकाना ठेवा. खोडलेली तळीही कारणासकट वेगळ्या पानावर राहू द्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी उत्साही सभासद ती पुन्हा शोधून काढेल.