जुन्या क्ले पोकर चिप्स धुतल्यावर पांढरट पडल्या, आता काय करू?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. जुन्या अमेरिकन कॅसिनोंच्या क्ले चिप्सचा डबा हाती आला, त्यातल्या काही साबणाने धुतल्या आणि त्या खडूसारख्या पांढरट झाल्या, तर त्या वाया गेल्या का? उरलेल्या डिशवॉशरमध्ये टाकल्या तर चालेल का? आणि साफ केल्या की किंमत वाढते का?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. वाया गेलेल्या नाहीत. क्ले चिप धुतली की पांढरट दिसतेच. इतकी वर्षं हाताळून हाताचं तेल तिच्या पृष्ठभागात मुरलेलं असतं आणि रंग गडद दिसतो तो बराचसा त्या तेलामुळे. साबणाने मळाबरोबर ते तेलही निघून जातं आणि मागे राहतो कोरडा, किंचित सच्छिद्र पृष्ठभाग. रंग आहे तिथेच आहे. खात्री करायची असेल तर त्या पांढरट चिपवर ओलं बोट फिरवा. ओल असेपर्यंत मूळ रंग दिसेल.

उपाय म्हणजे मिनरल ऑइल. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन म्हणून मिळतं तेच. बेबी ऑइलही बहुधा हेच असतं, फक्त वास घातलेला असतो, त्यामुळे साधं मिळालं तर तेच घ्या. खाद्यतेल मात्र कुठलंच नको. ते हवेत खवट होतं, चिकटतं आणि वर्षभरात त्यावर धुळीचा असा थर बसतो की आत्ताचा मळ बरा वाटेल. एका चिपला एक थेंब पुष्कळ झाला. बोटाच्या टोकावर घ्या, दोन्ही बाजूंना चोळा, मग चिप उभी धरून कड बोटावर गोल फिरवा. करड्या पडलेल्या लाल रंगातून खरा लाल वर येताना दिसतो, या सगळ्या खटाटोपातलं तेवढंच एक सुख! नंतर टिश्यूने पुसून रात्रभर कागदावर पसरून ठेवा, सकाळी पुन्हा कोरडं पुसा. ओलसर चकाकी गेली पाहिजे. तेल जास्त झालं तर चिप्सची चवड नीट उभी राहत नाही, घसरते.

आता उरलेल्या चिप्सकडे वळण्याआधी एक तपासणी करून घ्या. ‘क्ले’ हे नाव बाजारात वाटेल त्याला लावतात. आत धातूची चकती घातलेल्या प्लॅस्टिकच्या चिप्सही ‘क्ले कॉम्पोझिट’ म्हणून विकल्या जातात. त्यांचं वजन साधारण साडेअकरा ग्रॅम किंवा त्याहून जास्त भरतं, एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजतात आणि आतली चकती लोखंडी असेल तर चुंबकाला चिकटतात. कॅसिनोतली खरी क्ले चिप साडेआठ ते दहा ग्रॅमच्या आसपास असते, आवाज बसका आणि व्यास बहुतेक वेळा ३९ मिलिमीटर. तिच्यातही माती थोडीच असते. माती, खडूची पूड आणि इतर भर, रंग आणि हे सगळं धरून ठेवणारं काहीतरी, असं मिश्रण साच्यात घालून उष्णता आणि दाबाखाली घट्ट केलेलं असतं. खूप जुन्या चिप्समध्ये हे धरून ठेवणारं द्रव्य म्हणजे चपडी, म्हणजेच शेलॅक. प्लॅस्टिकवाल्या चिप्स साबणाच्या पाण्याने धुतल्या तर त्यांना विशेष काही होत नाही. पुढचं सगळं खऱ्या क्ले चिप्ससाठी आहे.

डिशवॉशर अजिबात नको, आणि त्याचं कारण या मिश्रणातच आहे. जे उष्णतेने दाबून घडवलं ते उष्णतेने मऊ पडतं. चिप वाकडी होते आणि सपाट टेबलावर ठेवून टिचकी मारली की गरगर फिरते. स्पिरिट आणि सॅनिटायझरही नको. लाकडाला पॉलिश करणारे चपडी स्पिरिटमध्येच विरघळवतात, यावरून काय ते समजा. अॅसिटोनने मधल्या चित्रावरचं प्लॅस्टिक आणि सोनेरी छापा दोन्ही खराब होतात. व्हिनेगर आणि लिंबू हे घरगुती उपाय हमखास सुचवले जातात, पण मिश्रणात खडू असेल तर आम्ल तो खाऊन टाकतं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. मेलामाइनचा तो पांढरा ‘जादूचा’ स्पंज म्हणजे फार बारीक सँडपेपरच. डाग जातो, पण डागाबरोबर चिपही जाते.

धुण्याची पद्धत साधी आहे. कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोन-चार थेंब आणि मऊ टूथब्रश. एका वेळी एकच चिप बुडवायची, लगेच बाहेर काढायची, कडेच्या नक्षीतून ब्रश गोल फिरवायचा, धुवायची, टिपून कोरडी करायची आणि पुढची घ्यायची. रंगवार गट करा, कारण लाल आणि काळ्या चिप्स थोडा रंग सोडतात. पाणी लालसर झालं म्हणून घाबरायचं कारण नाही, फक्त त्याच पाण्यात पांढऱ्या चिप्स घालू नका. मळ खरा साठतो तो साच्याच्या उठावात. पॉल-सनच्या चिप्सवर कडेने टोपी आणि काठीची नक्षी असते (ही कंपनी १९६३ मध्ये लास वेगासला सुरू झाली). त्या टोपीच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षांचं मेणचट काळं बसलेलं असतं. ब्रशने निघालं नाही तर लाकडी टूथपिकचं टोक भिजवून मऊ करा आणि त्याने हलकेच उकरा. सुई किंवा टाचणी नको, तिचा ओरखडा कायमचा राहतो.

कडेवरचे रंगीत पट्टे ब्रशने जातील अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. जात नाहीत. ते वरून रंगवलेले नसतात. चकतीच्या कडेला खाचा पाडून त्यात दुसऱ्या रंगाच्या मिश्रणाचे तुकडे बसवतात आणि मग ती साच्यात दाबतात, त्यामुळे पट्टा आतपर्यंत असतो. जपायचं ते मधल्या भागाला. तिथे छापील कागद आणि त्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर असेल तर चिप भिजत ठेवली की काठातून पाणी आत शिरतं आणि कागदावर करडा डाग पडतो. तो पुन्हा निघत नाही. सोनेरी फॉइलचा छापा असेल तर त्यावर ब्रश लावूच नका, ओल्या बोटाने पुसा. अल्ट्रासॉनिक मशीन वापरणारे बरेच संग्राहक आहेत आणि ते काम झटपट होतंही, पण जुना छापा त्यात सैल होऊ शकतो. माझं मत विचाराल तर डबाभर चिप्ससाठी हातच बरा. जुन्या स्टिकरचा गोंद राहिला असेल तर त्यालाही मिनरल ऑइलच लावा, थोडा वेळ मुरू द्या आणि कापडाने चोळून काढा.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. जुन्या काही क्ले चिप्समध्ये शिसं आढळतं. नुसतं हाताळण्यापेक्षा त्यांची पूड उडण्याचा धोका मोठा. म्हणून चिप कोरडी घासायची नाही, कड सारखी करायला सँडपेपर लावायचा नाही. ब्रश आणि भांडं वेगळं ठेवा, स्वयंपाकघरातलं सिंक वापरू नका, हातमोजे घाला आणि लहान मुलांना या कामात मदतीला घेऊ नका.

वाकलेल्या चिप्स सरळ करण्याचे उपाय पुष्कळ सांगितले जातात. दोन काचांमध्ये ठेवून वर वजन आणि बरेच दिवस उबदार जागा, हा त्यातला सर्वांत कमी धोक्याचा. किरकोळ चिप असेल तर करून पाहा, चांगली असेल तर वाकडी राहू द्या.

राहिला किमतीचा प्रश्न. कोणत्या कॅसिनोची, किती दुर्मीळ आणि कड किती धारदार, यावर किंमत ठरते. तिसरी गोष्ट धुण्याने सुधारत नाही. कोऱ्या चिपची कड बोटाला टोचेल इतकी काटकोनी असते, वापरलेलीची गोलावते, आणि गोलावलेली कड पुन्हा आणता येत नाही. मळकट चिप स्वच्छ केल्याने ती पाहायला आणि हातात घ्यायला नक्कीच बरी वाटते, पण तिचा दर्जा वर चढत नाही. तेल लावलेली चिप ताजी दिसते, म्हणून विकताना ‘धुतली आहे, तेल लावलं आहे’ असं स्पष्ट लिहा. जाणकार खरेदीदाराला ते कळतंच, आणि न सांगता विकलेलं कळलं की तुमच्या बाकीच्या मालावरही तो शंका घेतो. एखादी चिप खरोखर दुर्मीळ वाटली तर तिला पाणीही लावू नका. आधी कॅसिनो कलेक्टिबल्स असोसिएशनच्या (पूर्वीचं नाव कॅसिनो चिप अँड गेमिंग टोकन कलेक्टर्स क्लब) एखाद्या सदस्याला फोटो दाखवा. हा अमेरिकेतला संग्राहकांचा जुना क्लब आहे.

डब्यात काही चिप्सना मधोमध भोक पाडलेलं किंवा कडेला खाच मारलेली दिसेल. ते नुकसान म्हणून बुजवायला जाऊ नका. ती चिप पुन्हा पैशासाठी वटवता येऊ नये म्हणून मुद्दाम रद्द केलेली असते. त्यावर पुट्टी भरून रंग दिला तर ती दुरुस्ती न राहता बनावट ठरते. आणि धुतल्यावर पांढरट झालेल्या तुमच्या त्या चिप्सना आज रात्री तेल लावून ठेवा. उद्या सकाळी पुसल्यावर कशा दिसतात ते खाली लिहा, जमल्यास आधीचा आणि नंतरचा फोटो टाका.