काळ गोल की सरळ?

प्रश्न : मुलगा फर्ग्युसनला आहे, तो म्हणतो हिंदूंचा काळ गोल फिरतो आणि ख्रिश्चन-मुसलमानांचा सरळ रेषेत जातो. घरी सासूबाईंचं वेगळंच, कलियुग आता संपतच आलंय म्हणतात. दोघांपैकी बरोबर कोण? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ताई, मुलगा अर्धा बरोबर आहे. आपल्याकडे चार युगांचं एक महायुग, ४३,२०,००० वर्षांचं, अशी हजार झाली की ब्रह्मदेवाचा एक दिवस, मग प्रलय, मग परत पहिल्यापासून. तिकडे देवाने एकदाच जग केलं आणि शेवटी एकदाच निवाडा. संत ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताने तर, जग परत परत तसंच घडतं या ग्रीकांच्या चक्राच्या कल्पनेवर सरळ टीका केली, ख्रिस्त आमच्या पापांसाठी एकदाच मेला, परत परत नाही, असं त्याचं म्हणणं.

पण पुढच्या पूजेला गुरुजींचा संकल्प जरा कान देऊन ऐका, आपण तेव्हा पळी-पंचपात्रात गुंतलेलो असतो म्हणून लक्ष जात नाही. ‘ब्रह्मणो द्वितीये परार्धे’ म्हणजे ब्रह्मदेवाचं निम्मं आयुष्य सरलंय, ५० संपून ५१वं लागलंय! चक्र फिरवणाराच म्हातारा होतोय, मग ते नुसतं चक्र कसं? पुढे श्वेतवाराह कल्प (म्हणजे ब्रह्मदेवाचा चालू दिवस), वैवस्वत मन्वंतर (त्या दिवसातला एका मनूचा काळ), त्यातलं २८वं कलियुग, त्याचा पहिला चरण, मग दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, आणि मग येतो शालिवाहन शक. हा शक इ.स. ७८ पासून मोजत पुढेच चाललाय, मागे येत नाही. त्याला चिकटून संवत्सराचं नाव, ते मात्र ६० वर्षांनी परत येतं, शके १८८७ पण विश्वावसू आणि १९४७ पण विश्वावसूच. एका दमात दोन्ही हिशोब होतात आणि गुरुजींना त्यात काही वावगं वाटत नाही. शिवाय मोक्ष म्हणजे या फेऱ्यातून सुटणंच की, एकदा सुटला तो सुटला.

उलट बाजूलाही तसंच. गुड फ्रायडे दरवर्षी येतो, हिजरी सन इ.स. ६२२ पासून पुढे मोजतात पण रमजान दरवर्षी फिरून येतो, तोही साधारण अकरा दिवस आधी सरकून, कारण वर्ष निव्वळ चांद्र आणि आपल्यासारखा अधिक महिना त्यात घालत नाहीत. खरी सरळ रेषा बघायची तर पारशांकडे बघा, नाना पेठेत अग्यारी आहे त्यांचा धर्म. त्यांच्या जुन्या ग्रंथांत जगाचं आयुष्य १२,००० वर्षं, शेवटी वाईटाचा कायमचा पराभव, आणि नंतर परत सुरुवात वगैरे काही नाही.

आता सासूबाईंचं. कलियुग धरलंय ४,३२,००० वर्षांचं, सुरुवात परंपरेने इ.स.पू. ३१०२. म्हणजे जेमतेम ५,१०० च्या वर वर्षं झालीत आणि सव्वाचार लाखांहून जास्त बाकी आहेत. त्यांना सांगा, पण मुलाला पुढे करून सांगा, तुम्ही मधे पडू नका.